कॅमेऱ्यासमोरचे दूध

१७ जानेवारी १९८६, शुक्रवार. सकाळी पाण्याचे पिंप घासत होते. हे काम मी दुसऱ्या कोणाला देत नाही, कारण दुसऱ्याने घासले की तळाशी हिरवट कडा राहते. अर्धी पिंपात आणि अर्धी बाहेर असताना शेजारचे नाना कुंपणावरून ओरडले, "बाई, तुमच्या अरविंदचा फोन होता मुंबईहून. दुपारची एसटी नको, आत्ताचीच पकडा म्हणतोय."

पिंप तसेच पालथे घातले, हात धुतले आणि पिशवी उचलली. शाळेत सोमवारपर्यंतची रजा आधीच टाकलेली होती.

अरविंद माझा मावसभाऊ, माझ्यापेक्षा बराच लहान. लहान माहितीपट काढतो. आतापर्यंत धरणावर एक आणि मधमाश्यांवर एक असे दोन झाले आहेत, आणि दोन्हींचे निवेदन मी लिहिले. मी भूगोल शिकवते, त्यामुळे धरण आणि मधमाश्या मला परक्या नव्हत्या. या वेळचा विषय मात्र शरीरसौष्ठव, म्हणजे अंगाला तेल लावून दंड-मांड्या दाखवणाऱ्या पुरुषांच्या स्पर्धा. त्या उपनगरांत गल्लोगल्ली भरतात हेही मला माहीत नव्हते. "ताई, तू नुसती बघ आणि लिही," अरविंद म्हणाला होता. "तुला यातलं काही कळत नाही, तेच मला हवंय."

कसाऱ्याच्या घाटात धुके होते. भिवंडीपासून पुढे ते गेले, पण ऊन काही आले नाही. आकाश तव्यासारखे करडे झाले आणि चार दिवस तसेच राहिले. आपल्याकडे घाटावर थंडीत आकाश निळे असते. तिथे थंडी कमी आणि धूर जास्त.

मुलुंडच्या जकात नाक्यावर उतरले. नाक्यावरच्या माणसाने माझी पिशवी दाबून पाहिली. "यात काय?"

"स्टोव्ह, तवा, बेसन आणि तिखट."

"हॉटेल टाकताय काय मावशी?"

"तीन माणसांना चार दिवस जेवायला घालायचंय. तुम्हाला नाही घालणार."

तो हसला आणि खडूने पिशवीवर फुली मारली. ती फुली अजून गेलेली नाही.

अरविंद आणि त्याचा कॅमेरामन डॉमनिक टॅक्सी घेऊन आले होते. डॉमनिक अंधेरीजवळच्या मरोळ गावठाणातला, मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरातला. उंच, वाकलेला, कमी बोलणारा. आमचा मुक्काम त्याच्याच घरी होता. युनिट म्हणजे आम्ही तिघेच. कॅमेरा डॉमनिकचा, हुकूम अरविंदचा, आणि टेपरेकॉर्डर माझ्या खांद्यावर.

मुलुंडहून भांडुपकडे जाणारा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना कारखाने. काहींच्या चिमण्यांतून धूर येत होता. काहींच्या फाटकांना साखळ्या होत्या आणि फाटकावरचे लाल फलक पावसाने फिके पडले होते. अशा फाटकांसमोरही माणसे बसलेली दिसली, बिड्या ओढत, कुणाची वाट पाहत नसल्यासारखी. उजव्या हाताला टेकडी, आणि टेकडीवर माथ्यापर्यंत चढत गेलेली पत्र्याची घरे.

टेकडीच्या पायथ्याशी व्यायामशाळा होती. पत्र्याची शेड, खाली माती, एका भिंतीला तडा गेलेला मोठा आरसा. वजने विकतची फार थोडी. बाकी ट्रकची जुनी चाके, आणि वनस्पती तुपाच्या डब्यांत सिमेंट ओतून मध्ये सळई घातलेली. आत लोखंडाचा आणि घामाचा वास इतका दाट होता की पहिली पाच मिनिटे मी दारातच उभी राहिले.

तिथे दत्ताराम भेटला. आमच्या माहितीपटाचा नायक तोच. मूळचा देवगडकडचा, वय एकतीस. परळला गिरणीत होता. संपानंतर गिरणी उघडली पण त्याला घेतले नाही. आता तो लाकडाच्या वखारीत ओंडके चढवतो. शर्ट घातला की चारचौघांसारखा दिसतो. काढला तेव्हा मात्र मी वहीत काय लिहावे ते मला सुचेना. शाळेच्या तक्त्यावर स्नायू दाखवतात ना, कातडीखालचे, तसे ते उघडे दिसत होते. दंडावरच्या शिरा दोरीसारख्या. पण गाल आत गेलेले आणि ओठांना भेगा पडलेल्या.

त्याने पोरांकडून आमच्यासाठी चहा मागवला, स्वतः घेतला नाही.

"आजारी आहात का?" मी विचारले.

"नाही ताई. परवा स्पर्धा आहे ना."

आम्हा तिघांनाही ते उत्तर पुरेसे वाटले.

परवा, म्हणजे रविवारी, घाटकोपरला स्पर्धा होती. तिचे महत्त्व काय ते अरविंदने त्याला टेपसमोर विचारले. तो खाली बघून सरळ सांगत गेला. रस्त्यावरच्या एका मोठ्या कंपनीत खेळाडूंना नोकरी देतात. कंपनीचे क्रीडा अधिकारी दर वर्षी या स्पर्धेला पाहुणे म्हणून येतात. "मागच्या वर्षी मी गटात दुसरा आलो. साहेबांनी पाठीवर थाप मारली. म्हणाले, पहिला ये आणि मग गेटवर ये."

"आणि या वर्षी नाही आलात तर?"

"पुढच्या वर्षी वयात बसत नाही, ताई. मग वखार." त्याने खांद्यावर टॉवेल ओढला. "वखारीतल्या माणसाची कंबर चाळिशीत जाते. माझ्या आधीच्याची गेली."

निघताना अरविंद म्हणाला, "दत्ताराम, उद्या तुझ्या घरी येतो. खाणं दाखवायचंय. दूध-अंडी असतं ना घरी?"

दत्तारामने टॉवेलची घडी केली. "असतं," म्हणाला.

शनिवारी सकाळी टेकडी चढलो. पायऱ्या म्हणजे खडकात रोवलेले दगड, आणि मधून वाहणारे काळे पाणी. डॉमनिक कॅमेऱ्याचे तिकाटणे खांद्यावर घेऊन पुढे, मी टेप घेऊन मागे. अर्ध्यावर नळ होता. नळाखाली कळशा, हंडे, तेलाचे डबे यांची रांग लागली होती, आणि नळ कोरडा. रांगेजवळ माणूस नव्हते. नुसती भांडी वाट पाहत होती. वरून पाहिले तर सगळे भांडुप धुरात बुडालेले, रेल्वेपलीकडची मिठागरेही पुसलेली. आपल्याकडचे लोक मुंबईला डोंगरावरून समुद्र दिसतो म्हणतात. तो या डोंगरावरून दिसत नाही.

दत्तारामचे घर एका खोलीचे होते. भिंतीवर ढाली आणि फ्रेमा इतक्या दाटीने लावलेल्या की भिंतीचा रंग सांगता येणार नाही. खाली त्याची आई चुलीशी बसलेली. आमच्यासाठी तिने नव्या चटया अंथरल्या होत्या. बायको सुनंदा रस्त्यावरच्या कारखान्यात औषधाच्या बाटल्या भरते, ती दुपारी येणार होती.

आधी अंड्यांचे चित्रण झाले. त्याने पांढरे तेवढे खाल्ले, बिनमिठाचे, आणि पिवळे आईपुढे सरकवले. मग अरविंद म्हणाला, "आता दूध."

चकचकीत नवा स्टीलचा पेला आला. आईने पातेल्यातून तो काठोकाठ भरला. म्हशीचे घट्ट दूध, वर साय. दत्ताराम खिडकीपाशी बसला. उजेड त्याच्या खांद्यावर पडत होता. अरविंदने खूण केली, कॅमेरा घरघरला, आणि त्याने पेला तोंडाला लावला. प्यायच्या आधी त्याने पेल्यात एकदा पाहिले. मला वाटले कॅमेऱ्याचा संकोच.

पेला संपला. डॉमनिकने कॅमेरा उघडला, फिल्म सरकते त्या गेटमध्ये फुंकर मारली. "सॉरी मॅन. गेटमध्ये केस होता. परत."

पुन्हा पेला भरला. या वेळी तो प्यायला लागला आणि अर्ध्यावर असताना खालच्या कंपनीचा भोंगा झाला. खोलीतले पत्रे थरथरले. त्याने तसेच पुरे केले, पण टेपवर भोंग्याखेरीज काही नव्हते. अरविंदने कपाळाला हात लावला. "हीच ती कंपनी का रे, दत्ताराम? तुझी?"

"हीच."

"बघ, आत्तापासून बोलावतेय. एकदाच अजून. एका दमात, मगाशी घेतलंस तसं."

तिसरा पेला त्याने एका दमात घेतला. ओठावर पांढरी रेघ उमटली, ती त्याने मनगटाने पुसली, आणि अरविंदला जे हवे होते ते सगळे त्यात आले. चित्रही आणि आवाजही.

त्याची आई समाधानाने म्हणाली, "दोन दिस पाण्याचो थेंब घेवक नाय माझ्या झिलान. (झील म्हणजे मुलगा.) आज पिता मा. बरा झाला."

मी तिच्याकडे वळून "थेंब का नाही?" असे विचारणार, तोच दारात सुनंदा उभी. हातात डबा, केसांवर कारखान्याची पांढरी टोपी. तिने पेला पाहिला, पातेले पाहिले.

"कोणी पाजलं?"

दत्तारामने पेला पाठीमागे सरकवला.

"कोणी पाजलं विचारते मी. किती?"

"गप गं," दत्ताराम म्हणाला. "पाहुण्यांसमोर काय?"

"तीन," तिची सासू म्हणाली.

सुनंदाने डबा खाली ठेवला आणि आमच्याकडे वळली. "बाई, स्पर्धेच्या आधी दोन दिवस हे लोक पाणी सोडतात. मीठ त्याच्याही आधी. चमडी सुकली की आतलं सगळं वर दिसतं. उद्या दुपारी काट्यावर चढायचंय त्याला. पासष्ट किलोचा गट. काल संध्याकाळी बरोबर बसत होता, आता कसा बसणार?"

अरविंदचे तोंड उतरले. "अरे, मग सांगायचं ना दत्ताराम! आम्हाला काय माहीत?"

"तुम्ही काल विचारलंत, दूध असतं ना घरी. मी असतं म्हणालो." तो अगदी साधेपणाने बोलत होता. "मग नाही कसं म्हणू? एवढ्याने काय होत नाही. रात्रीत उतरेल."

"असतं?" सुनंदा हसली. ते हसणे ऐकायला बरे नव्हते. "चहात घालायला नसतं, बाई. चणे-शेंगदाणे आणि उरलीसुरली मांदेली, यावर झालंय हे अंग. हे दूध सकाळी तबेल्यातून आणलं त्याने. मला वाटलं, तुम्हाला चहा करायला."

आम्ही सामान आवरले. टेकडी उतरलो. नळाजवळची भांडी होती तिथेच होती.

रविवारी दुपारी घाटकोपर. एका शाळेच्या मैदानात मंच बांधला होता. खाली लाकडी बाके, वर हिरवे कापड, चारी कोपऱ्यांना ट्यूबलाइट. कर्ण्यावर सिनेमाची गाणी लागली होती. गर्दी मोठी, सगळी पुरुषांची, आणि टपऱ्यांवर भजी तळली जात होती. पलीकडच्या झोपडपट्टीच्या टेकडीवर माणसे दगडांवर बसून फुकट बघायला जमली होती. बायका म्हणाल तर मी आणि सुनंदा.

मंचामागे शाळेचे दोन वर्ग उघडून दिले होते. तिथले दृश्य आपल्याकडच्या वाचकांना सांगितले तर खरे वाटणार नाही. बाकांवर आणि फरशीवर तीस-चाळीस पुरुष उताणे पडलेले, पाय भिंतीला वर लावून. कोणी गुळाचा खडा चघळतोय, कोणी मित्राकडून पाठीला तेल चोळून घेतोय, कोणी दोन विटा हातात घेऊन दंड फुगवतोय. एकमेकांना चिडवणे चालू होते, "काय रे, पोट घरी ठेवून यायचं ना!" पण आवाज घशातून नीट निघत नव्हते. कोणाच्याच तोंडात लाळ नव्हती. फळ्यावर कुणा मास्तरांनी लिहिलेली गणिते अजून होती.

वजनकाटा कांद्या-बटाट्याच्या व्यापाऱ्याकडून आणलेला, मोठ्या पाटाचा. दत्ताराम नुसत्या चड्डीनिशी त्यावर चढला. पंचांनी दांडीवरचे वजन सरकवले. दांडी वरच राहिली. त्यांनी आणखी सरकवले, तेव्हा खाली आली.

"पाव किलो जास्त," पंच म्हणाले. "वरच्या गटात उतरतोस?"

वरच्या गटात तो उतरला असता तर त्याच्यापेक्षा दहा किलोने जड माणसांच्या शेजारी उभा राहिला असता. त्याने मान हलवली.

"मग तुझा गट पुकारेपर्यंत उतरव. नंतर मी ऐकणार नाही."

पोरांनी त्याच्या अंगात दोन स्वेटर घातले, वर कोणाचा तरी रबरी रेनकोट चढवला, डोक्याला मफलर बांधला. जानेवारीच्या कोरड्या दुपारी, रेनकोट घालून तो शाळेच्या इमारतीभोवती धावू लागला. मैदानात मुले बोट दाखवून हसली. "ए, छत्री पण घे ना!"

मी अरविंदला म्हणाले, "हे घेऊ नकोस."

"ताई, हेच तर घ्यायला आलोय."

डॉमनिकने कॅमेरा उचलला. प्रत्येक फेरीला दत्ताराम आमच्यासमोरून जायचा. पहिल्या फेऱ्यांना त्याने कॅमेऱ्याकडे पाहून हात वर केला. नंतर पाहणे सोडले. सुनंदा कोपऱ्यावर उभी राहून, तो जवळ आला की नुसते "चल, चल" म्हणायची. तो तोंडातून थुंकायचा प्रयत्न करी, पण थुंकायला काही नव्हते. शेवटी एका पोराने कात्री आणली आणि त्याचे डोक्यावरचे केस कापले. तेवढ्याने किती फरक पडतो मला माहीत नाही.

पुन्हा काटा. दांडी थरथरली, खाली आली. पंचांनी मान डोलावली. पोरांनी आरडाओरडा केला, अरविंदने माझा हात दाबला. सुनंदाच्या चेहऱ्यावर मात्र आनंद दिसला नाही. तिने ओल्या फडक्याने त्याचे ओठ पुसले आणि लगेच फडके काढून घेतले.

ऊन नसल्यामुळे दिवस कधी कलला ते कळले नाही. ट्यूब पेटल्या. क्रीडा अधिकारी पुढच्या रांगेत बसले होते, सफारीतले गृहस्थ, मांडीवर नारळ. पासष्ट किलोचा गट पुकारला.

सहा जण आले. मला आता थोडे कळू लागले होते, आणि जे कळत होते त्यावरून दत्ताराम सगळ्यांत उजवा होता. दुसरा दिसत होता चेंबूरचा एक तरुण पोरगा, गोरा आणि गुळगुळीत. पंचांनी दोघांनाच पुढे बोलावले. टेकडीवरून शिट्ट्या आल्या. "भांडुप! भांडुप!"

"दोन्ही दंड," पंच म्हणाले. दोघांनी दंड दाखवले. "पाठ." पाठ. "मांड्या. आणि धरून ठेवा. मी सांगेपर्यंत."

दत्तारामने उजवा पाय पुढे टेकला आणि मांडी आवळली. प्रत्येक स्नायू वेगळा उभा राहिला. लोक टाळ्या वाजवू लागले. त्याच्या चेहऱ्यावर ठरलेले हसू होते. मग मला दिसले की मांडीतला एक गोळा आपोआप हलतोय, कातडीखाली उंदीर शिरल्यासारखा. पंच दोघांकडे आळीपाळीने बघत होते. दत्तारामचे हसू तसेच होते, पण डोळे कुठेच पाहत नव्हते. गोळा मांडीतून पोटरीत उतरला, पाऊल आतल्या बाजूला वळले, आणि तो हिरव्या कापडावर कोसळला. हसू बऱ्याच वेळाने गेले.

आमचा कॅमेरा चालूच होता.

त्याला चौघांनी उचलून मागे नेले. गट पुढे चालू राहिला. पोरगा पहिला आला. क्रीडा अधिकाऱ्यांनी त्याला ढाल दिली. ते मंचावरून खाली उतरताना मी टेप घेऊन अगदी जवळ होते. ते पोराला म्हणाले, "उद्या गेटवर ये. माझं नाव सांग." मग शेजारच्या पंचांकडे वळून, "तो भांडुपवाला. अंग चांगलं आहे हो, पण दम नाही. आमच्याकडे आठ तास उभं राहावं लागतं."

हे वाक्य टेपवर स्पष्ट आले आहे.

मागच्या वर्गात दत्ताराम फरशीवर बसला होता. सुनंदा त्याला चमच्याने लिंबू-मीठ-पाणी पाजत होती. रेनकोट बाजूला पडलेला. कापलेल्या केसांमुळे तो पोरसवदा दिसत होता.

"दत्ताराम," अरविंद म्हणाला आणि त्याच्यासमोर फरशीवर बसला.

"ते पडलेलं काढून टाका, साहेब," दत्ताराम म्हणाला. "गावाला बघतील. व्यायामशाळेतली पोरं बघतील."

अरविंदने माझ्याकडे पाहिले. दत्तारामनेही पाहिले. मी म्हणाले, "काढणं-ठेवणं माझ्या हातात नाही. मी फक्त शब्द लिहिते."

सुनंदाने चमचा वाटीत ठेवला. "तो काय म्हणाला, तो नारळवाला? मला पोरांनी सांगितलं. दम नाही म्हणाला ना? बाई, पडलेला दाखवा नाहीतर नका दाखवू. माझं काही म्हणणं नाही. पण दाखवलात तर का पडला ते सांगा. बारा वर्षं दमच तर काढलाय त्याने, दुसरं काय केलंय?"

"सुनंदा," दत्ताराम म्हणाला.

"तू पी."

सोमवारी दुपारी मरोळला डॉमनिकच्या घरी निघण्याआधीचे जेवण झाले. गावठाण अजून गावासारखे आहे. लाकडी सज्जाची घरे, नाक्यावर फुलांचा हार घातलेला क्रूस, अंगणात कोंबड्या, आणि शंभर पावलांवर कारखान्यांच्या भिंती. डॉमनिकच्या आईने तांदळाच्या भाकरी आणि बोंबलाचे कालवण केले होते. माझा स्टोव्ह चार दिवस पिशवीतून निघालाच नाही.

अरविंद जेवता जेवता बोलत होता. फिल्म कशी जोडायची ते त्याने ठरवले होते. "सुरुवात दुधाने. खिडकीतला तो उजेड. त्यावर ताई, तुझं काहीतरी भारदस्त वाक्य. श्रम, साधना, शक्ती वगैरे. आणि शेवट पडण्याने. त्यावर काहीच नको. नुसती शांतता."

"आणि मधे?"

"मधे व्यायाम."

"दूध का प्यायला आणि का पडला, ते कुठे येणार?"

"ताई, त्याने फिल्म बिघडते. लोकांचं लक्ष आपल्याकडे जातं. गोष्ट त्याची आहे ना, आपली नाही."

तो वाईट माणूस नाही हे मला ठाऊक आहे. रात्री त्याला झोप लागली नव्हती, हेही मी पाहिले होते. पण त्याला चित्र मिळाले होते. चित्र मिळाले की तो आंधळा होतो. मधमाश्यांच्या वेळीही झाला होता.

डॉमनिकने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "केस नव्हता, मॅन."

"काय?"

"पहिल्या वेळी. गेटमध्ये केस होता म्हणालो ना. काय माहीत, असेल, नसेल. मला फोकसचा भरवसा नव्हता. केस म्हटलं की कोण विचारत नाही." तो पाणी प्यायला. "एक ग्लास तिथेच वाचला असता."

त्याची आई कालवणाचे पातेले घेऊन उभी होती. तिला काही समजले नव्हते. "वाढू काय रे?" तिने विचारले. कोणी नको म्हटले नाही, म्हणून तिने तिघांनाही वाढले.

परतीची गाडी मुलुंडला पकडली. त्याआधी भांडुपवरून टॅक्सी गेली तेव्हा त्या कंपनीची पाळी सुटत होती. फाटकातून माणसे बाहेर येत होती, निळ्या कपड्यांतली, सायकली हातात धरून. फाटकाच्या आत, पहारेकऱ्याच्या चौकीपाशी चेंबूरचा पोरगा उभा होता की नाही ते मला दिसले नाही. वखार मात्र दिसली. बाहेर ट्रक उभा होता आणि ओंडके उतरत होते. उतरवणाऱ्यांत लंगडणारा एक जण होता, डोक्याला मफलर बांधलेला. टॅक्सी थांबवून काय बोलणार होते? थांबवली नाही.

बसमध्ये वही उघडून बसले. प्रवासाला गेलेल्या माणसाने परतताना काय मिळवले ते लिहावे, अशी रीत आहे. मी एवढेच लिहू शकले की आपण परक्या घरात शिरतो, तिथे आपल्याला काय पाहायचे आहे ते आधी सांगतो, आणि घरातली माणसे भली असतील तर ते आणून ठेवतात. मग आपण त्याचे फोटो काढून आणतो आणि म्हणतो, तिकडे असे असते. घाटात धुके पुन्हा लागले. दिवे नीट दिसेनात, म्हणून ड्रायव्हर गाडी हळू चालवत होता.

मंगळवारी सकाळी उठले. पिंप शुक्रवारपासून पालथे होते. ते सुलटे केले, आतून एकदा हात फिरवला, नळ आल्यावर काठापर्यंत भरले. एक तांब्या भरून घेतला आणि टेबलाशी बसले. दुधाच्या दृश्यासाठी अरविंदला वाक्य हवे होते, ते लिहिले:

"या घरात दूध नसते. स्पर्धेसाठी या माणसाने दोन दिवस पाणीही सोडले आहे. हे दूध त्याने आमच्यासाठी आणले, आणि आम्ही परत परत मागितले म्हणून तो तीन वेळा प्याला."

पडण्याच्या दृश्यावर अरविंदला शांतता हवी होती. तिथे मी एकच वाक्य घातले: "दम होता. पाणी नव्हते."

खाली अरविंदला लिहिले की यातला एक शब्द काढलास तर निवेदनावरून माझे नाव काढ, आणि टेपवरचे क्रीडा अधिकाऱ्यांचे वाक्य मी उतरवून घेतले आहे, तेही त्याआधी ऐकू येऊ दे. पाकीट चिकटवले, शाळेच्या वाटेवर पेटीत टाकले. पहिला तास आठवीचा होता, नद्यांचा.